वास गोड असला, तरी वाइन ड्रायच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील जपानी वाइनविषयीच्या टिपणात मस्कत बेली ए या द्राक्षाच्या रेड वाइनला सरसकट ‘गोडसर’ म्हटले आहे. या द्राक्षाची गोड वाइन निघते हे खरे, पण जपानच्या यामानाशी प्रांतात त्याची चांगली ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, रेडही होते. ही दुरुस्ती आम्ही आग्रहाने सुचवतो, कारण याच समजुतीपायी आपल्याकडेही द्राक्षांची एक सबंध जातकुळी मागे पडली आहे. अमेरिकी वेलींचा अंश असलेले काळे द्राक्ष म्हटले की आपल्याला बंगळूर ब्लू हे द्राक्ष आणि गोव्याची गोड पोर्ट वाइन एवढेच आठवते.

मस्कत बेली ए हा वाण झेनबेई कावाकामी यांचा. त्यांनी १८९० मध्ये निइगाता प्रांतात इवानोहारा हा मळा उभा केला. तिथे हिवाळ्यात प्रचंड बर्फ आणि उन्हाळ्यात दमट हवा, त्यामुळे युरोपातल्या वेली रोगाने टिकेनात. कावाकामींनी दहा हजारांहून अधिक संकर केले आणि त्यांतून फक्त २२ वाण निवडले. त्यांपैकी हा १९२७ चा. एक पालक अमेरिकेत टेक्ससच्या मन्सन यांनी काढलेला, अमेरिकी वेलींचा अंश असलेला बेली, दुसरा मस्कत हॅम्बर्ग. आंबवण तापू नये म्हणून कावाकामी हिवाळ्यातला बर्फ साठवून तळघर थंड ठेवत, हेही नोंदवण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत हा वाण २०१३ मध्ये आला.

आता ‘गोडसर’विषयी. या द्राक्षात फ्युरानिऑल नावाचे द्रव्य भरपूर असते. स्ट्रॉबेरी आणि अननसाच्या वासातही तेच असते. नाकाला तो वास आला की जीभ साखरेची वाट पाहू लागते. नाक चिमटीत धरून घोट घ्या. वाइन खरोखर ड्राय असेल तर गोडवा नाहीसा होतो आणि आंबटपणा व किंचित तुरटपणा उरतो. लिटरला ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर उरली तर वाइन ड्राय, मग वास कसाही असो.

बागेचे गणित नाशिककरांना चटकन कळेल. यामानाशीत बहुतेक वेली मांडवावर असतात, कारण घड जमिनीच्या ओलीपासून दूर आणि वाऱ्यात राहावे लागतात. जून-जुलैत पावसाळा, सप्टेंबरात वादळे. म्हणून घडांवर मेणकागदाच्या टोप्याही घालतात. तोडणी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उशिरा तोडले तर फ्युरानिऑल वाढते, पण पिकल्या मण्यांच्या कुजीचा धोकाही वाढतो. कुजका घड टाकीत गेला तर त्याची चव पुढे कशानेच झाकत नाही, त्यामुळे निवड तोडणीच्या वेळी कात्रीनेच करावी.

मणी मोठे असल्याने रसाच्या मानाने साल थोडी आणि टॅनिन हे तुरटपणा देणारे द्रव्यही कमी. वाइन पातळ लागते ती यामुळे. यावर साधा उपाय असा की मणी देठापासून सोडवून टाकीत भरल्यावर पहिल्या काही तासांत १० ते १५ टक्के रस खालून काढून घ्यावा. त्याची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, होते आणि उरलेल्या रसाला साल जास्त मिळते. टॅनिन वाढवायला चोथा जोरात दाबणे ही मोठी चूक. बिया फुटल्या की येणारा कडूपणा जात नाही.

नको ते जंतू रोखायला केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) १०० लिटरला ९ ग्रॅम पुरते. त्यातून लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. यीस्ट १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम, ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, मग हळूहळू रस मिसळत थंड करून घालावे. गरम यीस्ट एकदम थंड रसात ओतले तर निम्मे तिथेच मरते. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, १८ असेल तर अल्कोहोल १० टक्क्यांच्या आसपास येतो. जपानात साखर घालून तो वाढवतात. एका टक्क्याला लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे १०० लिटर रस १२ टक्क्यांपर्यंत न्यायला ३.४ किलो. ही साखर थोड्या रसात पूर्ण विरघळवूनच घालायची. तशीच ओतली तर तळाशी बसते, वरच्या रसाचे माप खोटे दाखवते आणि शेवटी वाइन गोड का राहिली याचा पत्ता लागत नाही.

आंबवण २५ ते २८ अंशांत, सालींचा वर आलेला थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबत, सात ते दहा दिवस. पारा ३२ च्या पुढे गेला तर वास उडतो आणि यीस्ट दमते. नत्र कमी पडले तरी आंबवण अडकते आणि सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. म्हणून यीस्टचे खाद्य एकदम न घालता, एक भाग सुरुवातीला आणि दुसरा साधारण एक तृतीयांश साखर संपल्यावर द्यावा.

सर्वांत जास्त फसगत मापात होते. हायड्रोमीटरने, म्हणजे रसाच्या घनतेवरून साखर मोजणाऱ्या तरंगत्या नळीने, शून्य ब्रिक्स दाखवले म्हणजे साखर संपली असे होत नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका असल्याने खरोखर ड्राय वाइन शून्याच्या खाली, उणे एक ते उणे दीडच्या आसपास जाते. शून्यावर थांबलेल्या वाइनमध्ये अजून बरीच साखर असते. अशा वेळी वाइनमधले तीव्र मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलणारे मॅलोलॅक्टिक जीवाणू सुरू झाले तर ते त्या साखरेचे व्हिनेगरी आम्ल करतात. म्हणून आधी साखर तपासून घ्यावी, मग साधारण २० अंशांवर मॅलोलॅक्टिक पूर्ण होऊ द्यावे, मग साका काढून सल्फाइट द्यावे. पीएच ३.५ असेल तर मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम पुरतो, ३.८ ला जवळपास दुप्पट लागतो. नव्या अमेरिकी ओकची पिंपे मात्र जपून वापरावीत. त्यांचा व्हॅनिलाचा वास स्ट्रॉबेरीला मिळाला की ड्राय वाइनही सरबतासारखी भासते. जुनी पिंपे बरी.

पिताना ती १४ ते १६ अंशांवर हवी. आपल्या एप्रिलमधल्या खोलीचे तापमान तिला मानवणारे नाही. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवून काढावी. टॅनिन कमी असल्याने तिखटाबरोबर ती कॅबर्नेसारख्या जास्त टॅनिनच्या रेड वाइनसारखी जाळत नाही, त्यामुळे मराठी जेवणाशीही तिचे जमते.

ही वाइन ‘तिथली’ आहे हे कसे ओळखायचे, याचेही उत्तर जपानने दिले आहे. ३० ऑक्टोबर २०१८ पासून ‘जपान वाइन’ हे नाव फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच केलेल्या वाइनला मिळते. आयात केलेल्या दाट रसापासून तिथे केलेल्या वाइनला ते लावता येत नाही. प्रांताचे नाव लावायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच प्रांतातली हवीत आणि वाइनही तिथेच झालेली हवी. एकाच वाणाचे नाव लावायलाही तेच प्रमाण.

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एआरआय-५१६ हा वाण अमेरिकी कॅटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातला आहे. तो ११० ते १२० दिवसांत तयार होतो, बुरशीला दाद देत नाही आणि रेड वाइनला चालतो असे संस्थाच सांगते. आपल्या उन्हात साखर आपोआप भरते, अडचण येते ती आम्ल उतरून पीएच चढण्याची. म्हणून तोडणी साखरेबरोबर पीएच पाहून करावी आणि गरज पडल्यास लिटरला १ ग्रॅम टार्टारिक आम्ल घालावे. त्याने पीएच साधारण ०.१ ने उतरतो. नाशिकच्या वाइनरींनी या वाणाच्या शंभर-शंभर लिटरच्या ड्राय चाचण्या वरच्या मापांनी कराव्यात आणि शिल्लक साखर ग्रॅम प्रतिलिटरमध्ये मागच्या लेबलवर छापावी. आपल्या पुरवणीनेही यापुढे कोणत्याही वाइनची ओळख देताना ‘गोड’ किंवा ‘ड्राय’ लिहिण्याआधी हा आकडा वाइनरीकडून मागून घ्यावा, ही विनंती.

आपले,
द्राक्षप्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक, नाशिक