न विचारता केलेला कायापालट

संपादक महोदय,
मालकाच्या नकळत त्याची जुनी मसल कार (दणकट इंजिनाची अमेरिकी गाडी) न्यायची आणि नवं रूप देऊन पुढ्यात उभी करायची, असे अमेरिकी टीव्ही कार्यक्रम गाजले. मालक रडतो, टाळ्या पडतात. पण १९६९ च्या शेव्हरले कॅमारोचा मूळ इंजिन ब्लॉक भंगारात गेला, की त्यावर ठोकलेला, गाडीशी जुळणारा नंबरही गेला. संग्राहक पैसे मोजतात ते त्याचेच. रंग काय, पुन्हा मारता येतो. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नाही, मान्य. म्हणून दसऱ्याला निघणाऱ्या, कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या जुन्या मेबॅक मोटारीला कुणी गुपचूप काळा मॅट रंग फासला तर कोल्हापूरकर खपवून घेतील? बॉनेट उघडण्याआधी मालकाला विचारा. आरटीओचे कागद तर वेगळेच.

– एक वाचक, कोल्हापूर