तिथे अंधार पडला की उठायचं, बाबा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. माझा जुना प्लेस्टेशन 4 काल तुमच्याकडे पाठवून दिलाय. आधी विचारलं असतं तर ‘आता या वयात कशाला’ म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही. नवा घेतल्यापासून तो कपाटात पडूनच होता. खर्चही नाही. फायनल फँटसी 14 या ऑनलाइन खेळाची फ्री ट्रायल 70व्या लेव्हलपर्यंत चालते, दिवसांची मुदत नाही.

आई, बाबा घसरून पडले त्या संध्याकाळी तुझे चार फोन आले आणि मी एकही उचलला नाही. फोन सायलेंटवर होता असं सांगितलं, ते खोटं होतं. मी खेळत होते. चौघांच्या गटात हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरून काढणारी, एकटी मीच. मी हात काढला की बाकीचे तिघं मरतात, आणि ऑनलाइन खेळ मध्येच थांबत नाही. लहानपणी तू ‘ठेव ते’ म्हणालीस की मी पॉज करून जेवायला यायचे. इथे पॉजच नाही गं. तरीही उठायला हवं होतं. आता तुझं नाव दिसलं की उठणार. मेले तर मेले, ते पुन्हा उभे राहतात.

बाबा, तुम्हाला लढत बसायचं नाहीये. गुडघ्यामुळे नदीवर जाणं सुटलं तुमचं, ते मनातून जात नाही माझ्या. या खेळात फिशर, म्हणजे मासेमार, होता येतं, लिम्सा लोमिन्सा नावाच्या बंदरात. त्याआधी 10वी लेव्हल गाठावी लागते, ती मी सोबत राहून करून घेईन. मग नुसता गळ टाकायचा. आमिष पाणी बघून निवडायचं. काही मासे ठरावीक हवेतच लागतात, काही ठरावीक वेळेलाच. ओढ जेवढी जोराची, तेवढी उद्गारचिन्हं डोक्यावर दिसतात. तुम्ही दोरी माझ्या बोटाला गुंडाळून ‘आता तुलाच कळेल’ म्हणायचात ना, तेच आठवतं मला दरवेळी.

आता नीट ऐका. पाठ टेकेल अशाच खुर्चीत बसायचं, जमिनीवर नाही. खोलीतला दिवा चालू हवा. अक्षरं मोठी करता येतात, मी फोनवर सांगेन. तिथला अख्खा दिवस आपल्या 70 मिनिटांत संपतो, म्हणून तिथे अंधार पडला की उठून चार पावलं टाकायची, उजाडलं की पुन्हा. पासवर्ड कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. आणि हे डॉक्टरांच्या व्यायामाऐवजी नाही, त्यानंतर! रागावून नाही म्हणत, काळजी वाटते.

आई, बाबांच्या पात्राचे केस आणि कपडे तू निवड. त्यांच्यावर सोडलंस तर पहिलं दिसेल तेच घेतील. चॅटसाठी साधा यूएसबी कीबोर्ड त्याच खोक्यात टाकलाय.

शनिवारी चार वाजता मी बंदरावर उभी असेन, पांढऱ्या झग्यात, हातात काठी. टाइप करायला जमलं नाही तर नुसता हात हलवा, बाबा. त्याचीही सोय आहे.

तुमची,
चिमी