गुणपत्रिकेला जेपीजीची सक्ती कशाला?

महोदय,

बार्शीच्या एसटी स्टँडजवळ माझे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. भरती निघाली की निम्मा वेळ जातो फाइल ‘केबीत बसवण्यात’. फोटोला ५० केबी, सहीला २० केबी, याला माझी हरकत नाही. पासपोर्ट आकाराचा चेहरा तेवढ्यात व्यवस्थित मावतो. अडते ते गुणपत्रिकेपाशी. काही संकेतस्थळांना तीही रंगीत, जेपीजीच आणि १०० केबीच्या आत हवी असते.

जेपीजी ही चित्राची फाइल लहान करण्याची १९९२ची पद्धत मुळात छायाचित्रांसाठी. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. (यामागचे गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे जन्माने बंगळुरूचे, हे सांगितले की पोरे चाट पडतात.) गालावर, आभाळात काही कळत नाही. अक्षराची कड मात्र आधी बिघडते. भोवती करडा धुरळा उठतो, आणि बैठक क्रमांकात ३ आहे की ८, हे छाननी करणाऱ्याने ओळखायचे कसे? मग शेरा येतो, ‘कागदपत्र अस्पष्ट’.

एफोर कागद २०० डीपीआयवर (इंचाला २०० ठिपके) रंगीत स्कॅन केला तर फाइल लहान न करता साडेअकरा एमबी भरतो. निव्वळ काळा-पांढरा घेतला तर अर्धा एमबीसुद्धा नाही. त्यावर फॅक्सच्या काळातली ‘ग्रुप ४’ पद्धत लावली, की वरच्या ओळीच्या तुलनेत काळे-पांढरे कुठे बदलले एवढेच नोंदले जाते. एकही ठिपका न गमावता साधी छापील गुणपत्रिका बहुधा १०० केबीत बसते.

काळ्या-पांढऱ्याच्याही सगळ्याच पद्धती भरवशाच्या नाहीत. २०१३ मध्ये जर्मनीचे संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशिनींवर स्कॅन केलेल्या नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ आकडा येतो. सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे तेच वापरण्याचा तो परिणाम. पुसट अंकाचा निदान संशय तरी येतो. हा चुकीचा अंक अगदी स्वच्छ होता!

म्हणून भरतीची संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी कागदपत्रांना ‘ग्रुप ४’ चित्र सामावून घेणारी पीडीएफ चालू द्यावी आणि केबीसोबत डीपीआय व पद्धतही लिहावी. शिक्का रंगीतच हवा असेल तर मर्यादा ५०० केबी करावी. आणि छाननी करणाऱ्याला दिसणार तीच प्रत सबमिट करण्याआधी उमेदवाराला पूर्ण आकारात दाखवावी. सध्या दिसतो तो टपाल तिकिटाएवढा तुकडा.

– एक ऑनलाइन सेवा केंद्रचालक, बार्शी (जि. सोलापूर)