शुक्रवारची वेळ घेतली आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. शुक्रवारी सकाळी नऊची एंडोस्कोपीची, म्हणजे घशातून नळी घालून जठर आतून बघायची, वेळ मी बाबांसाठी परस्पर घेतली आहे. विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि आपल्याकडच्या "बघू"चं काय होतं ते मोतीबिंदूच्या वेळी पाहिलंय.

बाबा, "म्हातारपणी ॲसिडच कमी होतं, मला कसला अल्सर?" हे तुमचं म्हणणं मी डॉक्टरांना जसंच्या तसं ऐकवलं. ते हसले. धडधाकट माणसात नुसत्या वयाने ॲसिड फारसं घटत नाही म्हणे. घटतं तेव्हा बहुधा हेलिकोबॅक्टर या जंतूने वर्षानुवर्षं जठराचं अस्तर झिजवलेलं असतं. वयाने घटतो तो त्या अस्तराचा रक्तपुरवठा, शिवाय ॲसिडपासून वाचवणारा चिकट थर. म्हणजे मारा तेवढाच, बचाव कमी. त्यात तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या! दुखणं थांबवताना त्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायनही थांबवतात, आणि जठराचा हा रक्तपुरवठा नि चिकट थर टिकतो तो त्याच्याच जोरावर. वर हृदयासाठीची ॲस्पिरिन आहेच.

पोट दुखत नाही यावर जाऊ नका. तुमच्या वयात अल्सर पुष्कळदा न दुखताच रक्तस्राव करतो. हिमोग्लोबिन 9.4 इतकं कमी उगाच आलेलं नाही, आणि जिन्यात मध्येच कठड्याला धरून उभे राहता तेही मला कळलंय. (आईवर चिडायचं नाही.)

तपासणी थोडक्यात होते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, नळी बारीक असते. दादा गाडी दारात आणेल, तिथे लिफ्ट आहे. घसा ताळ्यावर आला की घरी मऊ भात, तूप आणि तुमचा तो अर्धा कप चहा. माझं पोट दुखलं की बेंबीला हिंग लावून रात्रभर उशाशी बसायचात ना बाबा? मग आता माझं थोडं ऐका.

गुरुवारी रात्री आठला जेवण, त्यानंतर काही नाही. शेवेचा डबाही नाही. पाणी कधीपर्यंत चालेल ते दादा विचारून सांगेल. गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल, तीही त्यांनी सांगितली तेवढीच. ॲस्पिरिन मात्र मनाने सोडायची नाही, ती डॉक्टर ठरवतील. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर शुक्रवारची वाट न बघता लगेच दवाखाना.

आई, तुझी ॲसिडिटीची गोळी जेवणानंतर नाही, नाश्त्याआधी अर्धा तास. शिवाय ती किती वर्षं चालू आहे ते यावेळी डॉक्टरांना खरं सांग. ॲसिड फार दिवस दाबून ठेवलं की अन्नातलं बी-12 नीट सुटत नाही, आणि तुझ्या पायाला मुंग्या येतात. तुझंही रक्त त्याच दिवशी द्यायचंय. दादाला सांगून ठेवलंय, त्यामुळे "मला काही झालेलं नाही" चालणार नाही.

जुन्या फाइली निळ्या पिशवीत भरून ठेवा. मी गुरुवारी रात्रीच्या बसने निघते.

तुमची,
चिमी