लेमन कर्डची कृती दुरुस्त करून पुन्हा छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लेमन कर्डच्या, म्हणजे लिंबाचा रस, अंडी, साखर आणि बटर यांच्या दाट सारणाच्या, छोट्या टार्टची (भाजलेल्या मैद्याच्या वाट्यांची) कृती आली होती. फोटो सुरेख होता, साहित्यही मोजकंच होतं, त्यामुळे माझ्याकडे बेकिंग शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणींनी ते त्याच संध्याकाळी करून पाहिले. सोमवारी सकाळपासून मला फोन येत आहेत. कुणाचं सारण रात्री बरं दिसत होतं, सकाळी टार्टमधून वाहू लागलं. कुणाला प्रत्येक घासात कच्चं पीठ लागलं. एकीने फोटो पाठवला, त्यात अंड्याच्या बारीक गुठळ्या आणि भोवती सुटलेलं पिवळं पाणी होतं. या सगळ्या जणी मन लावून, वाचून, मोजून करणाऱ्या आहेत. चूक त्यांची नाही, छापलेल्या कृतीची आहे. ती नेमकी कुठे आहे हे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

कृतीत दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालायला सांगितलं आहे आणि लगेच पुढे बजावलं आहे, ‘उकळी अजिबात येऊ देऊ नका’. म्हणजे दोन वेगळ्या सारणांच्या कृती एकमेकींत मिसळल्या आहेत. कॉर्नफ्लोअर घातलं की उकळी आणावीच लागते. त्याचे कण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतात खरे, पण पुरता दाटपणा ९० अंशांच्या पुढे गेल्यावरच येतो. त्याआधी गॅस बंद केला तर पिठूळ चव राहते आणि सारण धरत नाही. शिवाय बलकात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअरमधलं पिष्ट, तोडतं. पेस्ट्री क्रीममध्ये (दूध, अंडी आणि स्टार्चच्या दाट सारणात) अंडी असूनही ते बुडबुडे येईपर्यंत शिजवतात ते याच विकराचा बंदोबस्त करण्यासाठी. तिथे अंडं फाटत नाही, कारण स्टार्च मध्ये येतो आणि अंड्यातल्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही. लिंबाच्या सारणात एवढीच काळजी घ्यायची की उकळी आल्यावर एखाद्या मिनिटात उतरवायचं. आंबट रसात स्टार्च फार वेळ शिजला तर तोच उलट पातळ होतो.

कॉर्नफ्लोअर न घालता केलेलं कर्ड ही निराळी गोष्ट आहे. मला विचाराल तर भाजून तयार असलेल्या टार्टमध्ये भरायला तेच हवं. त्याला दाटपणा येतो अंड्यामुळे, आणि गार झाल्यावर बटरमुळे. नुसता बलक ६५ ते ७० अंशांना धरतो, पण कर्डमध्ये साखर आणि रस भरपूर असल्यामुळे ते दाटायला ७५ ते ७८ अंश लागतात. ८५च्या पुढे गेलं की प्रथिनं आवळून पाणी सोडतात, गुठळ्या होतात. उकळी येऊ न देण्याची सूचना या कर्डची आहे. इथे ती अगदी बरोबर आहे.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार ‘घट्ट होईपर्यंत शिजवा’ या वाक्याबद्दल आहे. गरम कर्ड घट्ट नसतंच. पातेल्यात ते ओतता येईल इतकं सैल दिसतं, आणि तरीही ते झालेलं असतं. नवी करणारी बाई त्या वाक्यावर विश्वास ठेवून ढवळत राहते आणि पाहता पाहता ते हातातून जातं. तिला खूण सांगायला हवी. लाकडी चमचा कर्डमध्ये बुडवून उचलायचा आणि त्याच्या पाठीवरून बोट आडवं ओढायचं. रेघ दोन्ही कडांनी स्वच्छ राहिली, वरचं कर्ड ओघळून ती बुजली नाही, तर ताबडतोब उतरवायचं. त्याच सुमाराला वरचा पांढरट फेसही विरलेला असतो आणि रंग धुरकट न राहता चकचकीत होतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७६ अंशांना हात थांबवायचा. बाकीचा घट्टपणा फ्रिजमध्ये येतो, त्याला निदान चार तास द्यायचे.

माझं प्रमाण देते, ते खुशाल छापा. गाळलेला रस १२० मि.ली., साखर १५० ग्रॅम, दोन अख्खी अंडी आणि दोन बलक, बिनमिठाचं बटर ९० ग्रॅम, दोन लिंबांच्या सालीचा कीस, चिमूटभर मीठ. आपल्या कृतीत ‘चार लिंबांचा रस’ आहे. एक लिंबू दुसऱ्याच्या दुप्पट रस देतं, मग आंबटपणाचा आणि दाटपणाचा हिशोब जमणार कसा? रस मि.ली.मध्येच सांगायला हवा, साखर-मैदा ग्रॅममध्ये.

साल किसताना फक्त रंगीत थर घ्यायचा, सुवासिक तेल तिथेच असतं. खालचा पांढरा भाग कडू. कीस साखरेत बोटांनी चोळायचा. मिनिटभरात साखर ओलसर होते, तिला रंग चढतो आणि वास खोलीभर पसरतो. ही पायरी फार कमी कृतींत असते आणि मला ती रसाइतकीच महत्त्वाची वाटते. मग अंडी फोडून लगेच फेटायची. साखर बलकावर नुसती टाकून ठेवली तर ती त्यातलं पाणी ओढून घेते आणि बलकाचे कडक दाणे होतात, ते पुढे विरघळत नाहीत. पातेलं स्टीलचं किंवा काचेचं, ॲल्युमिनियमचं नको, आंबट रसाने धातूची चव उतरते. ते पातेलं पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर शिजवायचं. खालच्या भांड्यातलं पाणी मंद उकळतं हवं, वरच्या पातेल्याला टेकता कामा नये. झालेलं कर्ड बारीक गाळणीतून गाळायचं आणि जरा निवल्यावर बटरचे तुकडे एकेक करून फेटत घालायचे.

कृतीच्या शेवटी एक ओळ आहे, ‘हेच सारण पफ पेस्ट्रीत भरूनही भाजता येईल’. ती एक ओळ निभावून नेण्यासारखी नाही. पफ पेस्ट्री (बटर घालून लाटलेली थराथरांची पारी) फुलते ती थरांमधल्या पाण्याची वाफ होऊन, म्हणून ओव्हन २०० अंशांना लागतो. त्या उष्णतेत साधं कर्ड फाटतं आणि शिवणीतून बाहेर येऊन ट्रेवर जळतं. इथे कॉर्नफ्लोअरचं, उकळी आणलेलं, पूर्ण गार केलेलं सारण हवं, तेही एका चौकोनाला चमचाभरच. कडा पाण्याने चिकटवून काट्याने दाबायच्या, वर एक चीर द्यायची आणि भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं.

टार्टच्या शेलबद्दल, म्हणजे बाहेरच्या वाटीबद्दल, फारसं म्हणणं नाही, ती कृती चांगली होती. कोरडी कडधान्यं भरून आधी भाजायला सांगितलं हे उत्तमच. फक्त कडधान्यं काढल्यावर तळ बदामी होईपर्यंत आणखी भाजायचा आणि गरम असतानाच त्यावर फेटलेल्या अंड्याचा हात फिरवून दोन मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचा, एवढं जोडावं. मग कर्डचा ओलावा तळात लवकर मुरत नाही.

पुढच्या आठवड्यात संत्र्याचं कर्ड देणार असल्याचं आपण जाहीर केलं आहे. संत्र्याचा रस गोड आणि आंबटपणाला कमी, त्याचं नुसतं कर्ड मिळमिळीत लागतं. निम्म्याहून थोडा कमी रस लिंबाचा घ्यायला सांगा आणि साखर कमी करा. ती कृती छापण्याआधी कुणाकडून तरी एकदा करवून घ्या, आणि ते सारण रात्रभर ठेवून सकाळी बघा.

लिंबाच्या कृतीची दुरुस्तीही त्याच अंकात यावी अशी विनंती आहे. आपल्या पुरवणीची कात्रणं वहीत चिकटवून वर्षानुवर्षं वापरणारे वाचक आहेत. दुरुस्ती मूळ कृतीएवढ्याच चौकटीत छापलीत, तर जुन्या कात्रणावर ती बरोबर बसेल.

आपली,
एक नियमित वाचक