भाडेकरारावर घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव हवे

महोदय,

लिव्ह अँड लायसन्स करारांची ऑनलाइन नोंदणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. ठसे घेण्याचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन लोकांच्या घरी जावे लागते आणि तिथे एक प्रकार इतक्या वेळा पाहायला मिळतो की त्याकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः शिक्षण-नोकरीसाठी घराबाहेर राहणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. फ्लॅटमध्ये राहणारे असतात तिघे किंवा चौघे. करारावर नाव असते एकाचे. तो यंत्रावर अंगठा ठेवतो, कॅमेऱ्यासमोर बसून फोटो देतो आणि बाकीचे आतल्या खोलीत बॅगा उपसत असतात. तुमची नावे का नाहीत, असे विचारले की उत्तर येते, ‘आमचं आपसात ठरलंय.’ काही महिन्यांनी त्याच घरातून सल्ला विचारणारा फोन येतो, तेव्हा जे आपसात ठरले होते ते प्रत्येकाला वेगवेगळे आठवत असते.

रूममेटचा त्रास हा आपल्याकडे स्वभावाचा प्रश्न मानला जातो आणि ‘थोडं जुळवून घ्या’ एवढ्यावर वडीलधारी मंडळी तो मिटवू पाहतात. रात्री उशिरापर्यंत मोठ्याने फोनवर बोलणे, सिंकमध्ये भांडी साचवणे, न विचारता कोणाला तरी मुक्कामाला आणणे, अशा गोष्टींपुरता तो सल्ला योग्यही आहे. त्या गोष्टी पहिल्या-दुसऱ्या वेळीच, चिडण्याच्या आत, स्पष्ट शब्दांत बोलल्या तर बहुधा मिटतात. मनात साठवून ठेवल्या की मग एके दिवशी चमच्यावरून कडाक्याचे भांडण होते. पण एक जण भाड्याचा वाटा देईनासा झाला, मध्येच सोडून गेला, किंवा ‘हे घर माझ्या नावावर आहे, उद्यापासून येऊ नकोस’ असे बजावू लागला, की समजुतीला मर्यादा येते. तेव्हा कागदावर काय लिहिले आहे, हेच पाहावे लागते.

करारावर ज्याचे नाव नाही त्याची अवस्था कशी होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक घरे आज भाडेपट्ट्याने नव्हे, तर लिव्ह अँड लायसन्सने दिली जातात. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टनुसार लायसन्स म्हणजे मालकाने विशिष्ट व्यक्तीला दिलेली वापराची परवानगी; तिने जागेत कोणताही मालकीसदृश हक्क निर्माण होत नाही आणि ती परवानगी घेणाऱ्याला परस्पर दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणजे ज्याच्या नावावर करार आहे त्यानेच मालकाच्या लेखी संमतीशिवाय आणखी दोघांना घरात घेतले, तर तो स्वतः कराराचा भंग करत असतो आणि ते दोघे मालकाच्या दृष्टीने कोणीच नसतात. त्यांनी दरमहा वेळेवर पैसे भरले, डिपॉझिटमध्ये वाटा दिला, तरी कागदोपत्री ते सगळे त्या एकाचेच राहते. पैसे दिल्याचा पुरावा असेल तर त्याच्याकडून वसुलीसाठी तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावता येतो, हे खरे. पण बारावीनंतर पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलीने, किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने, एका महिन्याच्या डिपॉझिटसाठी न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा कोणी करू नये.

सर्वांची नावे करारावर असली की जबाबदारीही सर्वांवर येते, आणि नेमकी तीच टाळण्यासाठी काही जण नाव घालू देत नाहीत. ही भीती अनाठायी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून दिलेले वचन मालक त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्णपणे वसूल करू शकतो, करारात वेगळे लिहिले असेल तरच अपवाद. एकाने भाडे थकवले की मालक दुसऱ्याकडे सगळी रक्कम मागू शकतो, आणि ‘मी माझा वाटा दिला’ हे उत्तर त्याला पुरत नाही. परंतु याच कलमाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही: ज्याने सगळी रक्कम भरली त्याला इतरांकडून त्यांचा समान हिस्सा मागण्याचा हक्क आहे. नाव एकाचेच असेल तर मालकापुढे तो एकटा अडकतो आणि बाकीच्यांकडून त्याने मागावे कशाच्या आधारावर, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा सर्वांची नावे घालणे हे पुढाकार घेणाऱ्याच्याही हिताचे आहे, हे मी प्रत्येक घरी सांगत आलो आहे.

नोंदणीबाबत पसरलेला एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’ असे अनेक मालक आणि एजंट अजूनही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुदत किती हा मुद्दाच तिथे नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, आणि नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. घेतलेल्या भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांनी निदान व्यवहाराच्या नोंदीत ‘अमुक महिन्याचे भाडे’ असे लिहावे. नुसत्या रकमेवरून नंतर काहीच सांगता येत नाही.

करार हाती आल्यावर तो वाचणारे फार थोडे. लायसन्सच्या बाबतीत लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टी याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ खालील, म्हणजे मुदत संपल्यावर जागा परत घेण्याच्या, कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानल्या जातात, इतके त्या कागदाचे वजन आहे. हेच कलम मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद करते. समजा, करार संपला, दोघांनी सामान हलवले आणि तिसरा ‘मला अजून जागा मिळाली नाही’ म्हणून आत बसून राहिला. सही तिघांची असेल तर मालकाची नोटीस तिघांच्या नावे येऊ शकते. म्हणून घर सोडणाऱ्यांनी आपण कोणत्या तारखेला जागा सोडली आणि किल्ली कोणाला दिली, हे मालकाला त्याच दिवशी लेखी कळवून त्याची पोच घेतली पाहिजे.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते मधल्या अदलाबदलीत. एक जण नोकरी बदलून जातो, जाताना आपल्या वाट्याचे डिपॉझिट येणाऱ्या नव्या मुलाकडून घेतो आणि मोकळा होतो. मालकाला बहुधा फोनवर कळवलेले असते. वर्षअखेरीस भिंतीला पडलेली भोके, तुटलेले कपाटाचे दार, थकलेले लाइट बिल असा हिशेब निघतो आणि जो शेवटी आला, ज्याने यातले काहीच केले नाही, त्याच्या वाट्यातून ते कापले जाते. माझ्या माहितीतल्या एका घरात करारावर ज्यांची नावे होती त्यांपैकी एकही जण शेवटी त्या घरात राहत नव्हता; राहणाऱ्यांना डिपॉझिट मागायला तोंडच उरले नाही. कोणी बदलले की नवा करार करावा किंवा निदान मालकाच्या सहीने लेखी बदल नोंदवून घ्यावा, आणि घराची अवस्था त्या दिवशी कशी होती याचे तारखेसह फोटो सर्वांनी आपापल्याकडे ठेवावेत.

रूममेटने त्रास दिला म्हणून उलट काय करू नये, हेही सांगितले पाहिजे, कारण संतापाच्या भरात बरोबर असलेली माणसेच अडचणीत येतात. भाडे न देणाऱ्याचे सामान जिन्यात काढून ठेवणे, तो बाहेर गेल्यावर कुलूप बदलणे, त्याचा लॅपटॉप अडकवून ठेवणे, हे सगळे चुकीचे आहे. करारावर त्याचेही नाव असेल तर घरात राहण्याचा त्याचा हक्क तुमच्याइतकाच आहे, आणि पोलीस तक्रार तुमच्याविरुद्ध होऊ शकते. हेच मालकालाही लागू आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार कायदेशीर मार्गाखेरीज ज्याचा ताबा हिसकावला गेला तो सहा महिन्यांच्या आत न्यायालयात जाऊ शकतो. एका रूममेटवर रागावून मालकाने सगळ्या घराचे पाणी किंवा वीज तोडणे हेही १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २९ ने योग्य कारणाशिवाय मनाई केलेले कृत्य आहे. त्या कलमातील भाषा भाडेकरूची आहे, म्हणून लायसन्सवर राहणाऱ्यांनी हे संरक्षण आपल्या करारात शब्दांत लिहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. मालकाजवळ दुसरी किल्ली असली तरी त्याने वाटेल तेव्हा दार उघडून आत यावे असा अर्थ होत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे आधी सूचना देऊन, वाजवी वेळीच त्याला जागा पाहता येते, आणि लायसन्सने दिलेल्या जागाही या कलमात येतात. भाड्याबाबत केंद्राने २०२१ मध्ये नमुना कायदा मंजूर केला, ज्यात निवासी जागेचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित ठेवले आहे. परंतु राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, हे लक्षात न घेता त्याचा हवाला देऊन मालकाशी वाद घालणारी मुले मी पाहिली आहेत.

वादाची नोंद ठेवण्याचा कंटाळा करू नये. तोंडी बोलणे झाले की त्याच संध्याकाळी एक साधा, सभ्य मेसेज पाठवावा: आज आपण असे बोललो, या तारखेपर्यंत तू एवढे देणार आहेस. त्यात आरोप, टोमणे, जुने हिशेब काही नकोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी आवश्यक प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येतात, तेव्हा फोन बदलताना असे संभाषण पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी. व्यवहारात मात्र याचा खरा उपयोग वेगळाच होतो: लेखी आले की समोरचा माणूस बहुतेक वेळा पैसे देऊन टाकतो.

काही बाबतींत ना जुळवून घ्यायचे, ना वाट पाहायची. मारहाण, धमकी, चोरी, परवानगीशिवाय फोटो किंवा चित्रण, खोलीत शिरून छळ, हे रूममेटने केले म्हणून लहान गुन्हे होत नाहीत. ११२ वर फोन करावा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि त्या रात्री दुसरीकडे राहता येत असेल तर राहावे. विशेषतः मुली ‘घरच्यांना कळलं तर परत बोलावून घेतील’ या धास्तीने गप्प बसतात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की तक्रार करणाऱ्या मुलीला शिक्षण किंवा नोकरी सोडून परत बोलावणे हा उपाय समजू नये. तिच्यासोबत उभे राहावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

अखेरीस नोंदणी व मुद्रांक विभागाला एक मागणी. ऑनलाइन करारात एकाहून अधिक लायसन्सधारक घालता येतात आणि आपल्या अटीही जोडता येतात. परंतु वापरात असलेला मसुदा एका कुटुंबाने एक घर घेतले आहे असे गृहीत धरल्यासारखा आहे. एकत्र राहणाऱ्या, नात्यागोत्याच्या नसलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र नमुना मसुदा विभागाने मराठीतून उपलब्ध करावा. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे भाड्याचा आणि डिपॉझिटचा वाटा लिहिण्याचा रकाना असावा, एकाने सोडून जाण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यायची आणि नवा माणूस कोणाच्या संमतीने यायचा हे आधीच ठरलेले असावे, आणि असा बदल झाल्यास सबंध करार नव्याने न करता तेवढ्याच बदलाची नोंदणी करण्याची सोय असावी. मुले नोंदणी टाळतात ती कायदा मोडण्याच्या हौसेने नव्हे, तर प्रत्येक बदलासाठी सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागेल या धसक्याने. महाविद्यालयांनी आणि वसतिगृहांनीही प्रवेशाच्या दिवसांत हा नमुना आपल्या सूचना फलकावर लावावा, म्हणजे सही करण्याच्या आधीच तो मुलांच्या वाचनात येईल.

आपला नम्र,
भाडेकरार नोंदणीचे काम करणारा एक वाचक