थंडीला कशाला बोल लावता, सराटे बघा आधी

मा. संपादक, स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की पेपरात "सोलापूर गारठले" अशी बातमी येते आणि त्याच दिवशी आमच्या सायकलच्या ग्रुपवर पटापट मेसेज पडायला लागतात, उद्या जमणार नाही, घसा बसलाय, पाहुणे आलेत, घरचे ओरडतात वगैरे वगैरे. अहो ज्या गावात मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो आणि पावसाळ्यात काळी माती चाकात आणि फ्रेममध्ये अशी गच्च बसते की सायकल उचलून चालावं लागतं, त्या गावात एमटीबी, म्हणजे माळा-डोंगरावर चालणारी जाड टायरची सायकल, चालवायचा खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आहे की ओ. लेह-लडाखवाल्यानं थंडीचं कारण सांगितलं तर एक वेळ ठीक, पण 14-15 डिग्रीला आपण कुडकुडायचं म्हणजे जरा जास्तीच झालं.

माझं म्हणणं असंय की माणसाचा उत्साह थंडीनं जात नाही, पंक्चरनं जातो. पाऊस संपला की बांधावरचं गवत वाळतं आणि त्यातले सराटे, म्हणजे ती बारीक काटेरी फळं, कडक होतात, आणि सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. त्यात शेतकरी बाभळीच्या, बोराटीच्या फांद्या तोडून कुंपणाला लावतात, त्याचे काटे पाऊलवाटेवर. नवीन माणूस हौसेनं गिअरची सायकल घेतो, पहिल्याच रविवारी माळावर दोनदा पंक्चर होतं, ऊन चढेपर्यंत ढकलत डांबरी रस्त्याला येतो, मग फोन करून कुणाचा तरी टेम्पो बोलावतो, आणि पुढं ती सायकल गॅलरीत टॉवेल वाळत घालायला. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून हे सुटत नाही राव.

यावर उपाय साधा आहे पण करत कुणी नाही. रिम-टायर ट्यूबलेस होणारे असतील तर ट्यूबलेस करून घ्या आणि आत सीलंट भरा, बारीक काट्याचं भोक ते चालता चालता बुजवतं. पण आपल्या कोरड्या हवेत ते वाळतं हे लक्षात ठेवा, दिवाळीत भरलं म्हणजे होळीपर्यंत निवांत असं नसतं, महिन्या-दीड महिन्यानं व्हॉल्व काढून बघायचं आणि कमी वाटलं तर टाकायचं. ज्यांचं ट्यूबचंच आहे त्यांनी पंक्चर काढल्यावर लगेच नवी ट्यूब कोंबू नये, आधी टायरच्या आतनं फडकं फिरवा, ते जिथं अडकेल तिथं मोडलेला काटा बसलेला असतो, तो काढला नाही तर दहा मिनिटांत परत ठिगळ. आणि बारीक व्हॉल्ववाली सायकल असेल तर तो छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच, नाहीतर गावातल्या पंक्चरवाल्या मामाकडं हवा असून पण तुमच्या कामाची नाही. चेनला पावसाळ्यातलं चिकट ऑइल लावून ठेवलं असेल तर ते पुसून काढा, माळावरची धूळ त्याला चिकटून नुसती घासपेस्ट होते.

कपड्यांचं म्हणाल तर पहाटे गारवा आणि दहा-अकराला घामाच्या धारा, म्हणून जाड स्वेटर नकोच. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, जो काढून गुंडाळून मागच्या खिशात बसेल. हातमोजे पाहिजेतच कारण बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही. माकडटोपीवर हेल्मेट बसत नाही, कानाला पातळ पट्टी बांधा. पाणी थंडीत प्यावंसं वाटत नाही तरी घोट घोट घेत राहा. खायला ते महागडे बार कशाला, कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात असली की काम झालं, आणि जानेवारीत वाटेत कुणाच्या रानात हुरडा भाजत असतील तर राइड तिथंच संपते, त्याला काही इलाज नाही.

राहिला प्रश्न उठायचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच जड काठी पेलणारी पोरं कितीतरी आधीपासून सराव करतात, त्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला रोज उत्साह कुठनं येतो, चार जण वाट बघत असतात म्हणून ती येतात. आमच्यात पण तेच चालतं, एकट्यानं अलार्म लावला तर तो बंद होतो, पण खाली गेटपाशी दोघं उभे राहून "काय बे, झोपलास का" म्हणून ओरडले की शेजाऱ्यांच्या लाजेनं तरी माणूस उतरतो. आणि दरवेळी तुळजापूरचा घाटच पाहिजे असं नाही, हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन पाणपक्षी बघून परत आलं तरी पाय चालू राहतात. फक्त नान्नजकडं जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, तिथलं माळरान 1979 पासून माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे, काळवीट आहेत, लांडगे आहेत, त्या गवतात सायकली घालू नका आणि रील तर अजिबात नको, गावरस्त्यानं जा. माळढोक आधीच बोटावर मोजण्याइतका पण दिसत नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसलो ते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालं की तासाभराहून जास्त अंधारच, आणि नेमका तेव्हाच उसाचा सीझन जोरात असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि टायर फुटला की ट्रॉली तशीच रस्त्यात सोडून मंडळी चहाला. सायकलवाला काय आणि मोटरसायकलवाला काय, जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही. आम्ही आमच्या बाजूनं पुढं चांगला उजेडाचा लाइट, मागं लाल ब्लिंकर आणि चमकणारं जॅकेट घालतोच, आणि जे घालत नाहीत त्यांना ग्रुपमधनं घरी पाठवतो. पण साखर कारखान्यांनी पण गाडी वजनकाट्यावर घेताना मागचा रिफ्लेक्टर फडक्यानं पुसलाय का एवढं बघावं, नसेल तर तिथंच चमकणारी पट्टी चिकटवून मग गाडी सोडावी. आरटीओ आणि पोलिसांनी हायवेला दुपारी तपासणी करण्यापेक्षा आठवड्यातनं एकदा पहाटे पाचला विजापूर रोडला, होटगी रोडला उभं राहावं. पट्टीला खर्च असा कितीसा येतो हो, आणि सीझन संपायला अजून दोन-तीन महिने आहेत.

आपला,
एक सायकलवाला वाचक, जुळे सोलापूर